पेंडीची पाटी आणि माशाचे यकृत

बिदर शहरातील नौबाद भागात बहमनी काळातील करेझ आहे. जमिनीखाली बोगदा खोदून पंधराव्या शतकात तेथे पाणी आणले गेले. पाणचक्कीची नहर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही योजना अपरिचित वाटणार नाही. अशा पाण्यास आपण नितळ म्हणून वाखाणतो. मासे पाळणाऱ्याने मात्र नितळ पाण्यास थोडे भ्यावे, असे माझे मत आहे. हिरवट तळ्यात सूक्ष्म जीवांची वस्ती असते. कटला, रोहू त्यांवर पोसतात आणि आपण टाकलेल्या खाद्यात जे उणे असेल ते बरेचसे तेथून भरून निघते. सिमेंटच्या टाकीत किंवा दाटीने बोटुकली सोडलेल्या शेततळ्यात ही सोय उरत नाही. तेथे मासा आपल्या पाटीवरच जगतो, व पाटीतील उणीव त्याच्या यकृतात उतरते.

ही उणीव अमिनो आम्लांची होय. प्रथिने त्यांचीच बनलेली असतात. पैकी दहा माशास शरीरात पुरेशी घडविता येत नाहीत. जॉन हॅल्व्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली अमेरिकेत सामन माशांवर प्रयोग करून हे दाखविले. कलबुर्गीची तूर प्रसिद्धच आहे. ज्वारीत लायसिन कमी, तर तुरीत मेथिओनिन कमी. म्हणून भाकरी व वरण एकमेकांस सांभाळून घेतात. हे शास्त्र आपल्या आजीस ठाऊक नव्हते, पण ताट तिने बरोबर वाढले होते. माशास मात्र आपण नुसती भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा घालतो. कार्प जातीच्या माशास दर १०० ग्रॅम प्रथिनांमागे लायसिन सुमारे ५.७ ग्रॅम लागते. भुईमुगाच्या प्रथिनांत ते साडेतीन ग्रॅमच्या आसपास असते, आणि मेथिओनिनही तोकडेच.

मेथिओनिनपासून शरीरात कोलीन तयार होऊ शकते, व यकृतातील चरबी बाहेर वाहून नेणाऱ्या द्रव्यांना कोलीन लागते. ते अपुरे पडले की चरबी यकृतातच साचू लागते. ट्राउट माशांत मेथिओनिनच्या अभावी मोतीबिंदू, तर ट्रिप्टोफॅनच्या अभावी पाठीचा कणा वाकडा झालेला आढळला आहे. नॉर्वेतील सामनपालकांस तर या गोष्टीची झळच बसली. १९९० नंतरच्या दशकात तेथील खाद्यातून जनावरांच्या रक्ताची भुकटी वगळली गेली आणि माशांत मोतीबिंदू वाढला. त्या भुकटीत हिस्टिडिन भरपूर असे. खाद्यात हिस्टिडिन वाढविल्यावर विकार आटोक्यात आला. जपानमध्ये वनस्पतिज खाद्यावर वाढविलेल्या काही समुद्री माशांचे यकृत हिरवे पडू लागले, तेव्हा टॉरिन या जवळच्या द्रव्याची उणीव उघडकीस आली.

मासा चिरताना यकृत फिके व तेलकट दिसले की रोग समजून औषधावर पैसे घालविण्याची घाई होते. फिकेपणास इतर कारणेही असतात, हे खरे. परंतु आधी पाटी तपासणे स्वस्त पडते. सोयाबीनमध्ये लायसिन चांगले, तिळाच्या पेंडीत मेथिओनिन चांगले. या दोहोंची जोड भुईमुगास द्यावी. परवडल्यास थोडी मासळीची कुटीही मिसळावी. कच्चे सोयाबीन घालू नये, त्यातील द्रव्ये पचनास अडथळा करतात. बेताने भाजल्यास ती निष्प्रभ होतात. अति भाजल्यास मात्र लायसिनच निकामी होते.

कोणी म्हणेल, पेंडच दुप्पट टाकू. पण जी अमिनो आम्ले जोडीदाराअभावी शरीर बांधण्यास लागत नाहीत ती जाळली जातात, आणि त्यांतील नत्र मुख्यत्वे कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात येते. तोच अमोनिया साचला की कल्ल्यांस इजा करतो. शिवाय भुईमुगाची पेंड ओल लागून बुरसटली असेल, तर तिच्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावरच घाला घालते. तेव्हा पेंडीचे पोते जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, कोरड्या जागी ठेवावे, आणि काळी-हिरवी बुरशी दिसलेली पेंड गुरांच्या गव्हाणीतही टाकू नये.