कार्तिकी पौर्णिमेपूर्वी पायांची तयारी

पालीताण्याच्या जय तळेटीपाशी पहाटे यात्रेकरूंचे दोन प्रवाह दिसतात. एक पायऱ्यांकडे वळतो, दुसरा डोलीवाल्यांकडे. डोलीपाशी वृद्ध आणि आजारी यात्रेकरू असणे स्वाभाविकच आहे. परंतु त्यांच्यासोबत पन्नाशीही न ओलांडलेले, धंद्यात नाव कमावलेले, घरातील कर्ते गृहस्थही उभे असतात. मनात भाव असतो, हाताशी वेळ असतो, पाय मात्र साथ देत नाहीत.

याचे कारण बहुधा दुकानात सापडते. सकाळी दहाला गादीवर किंवा काउंटरमागे बसलेला व्यापारी रात्री शटर ओढूनच उठतो. माल काढून दाखवायला नोकर असतात, घरून दुकानात यायला वाहन असते. वहीतील प्रत्येक रुपयाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला दिवसभरात आपण किती पावले चाललो याचा अंदाजही नसतो. पुढे रक्तातील साखर, रक्तदाब आणि गुडघेदुखी यांची नोंद डॉक्टरांच्या फाइलमध्ये होते, आणि मग घाईघाईने व्यायामशाळेचे वर्षभराचे शुल्क भरले जाते. अनेक घरांत त्या वर्गणीचा उपयोग महिना-दीड महिनाच होतो.

व्यायाम न टिकण्याचा दोष नेहमी आळसाकडे नसतो, पुष्कळदा तो निवडीकडे असतो. मित्राने सायकल घेतली म्हणून सायकल, मुलाने आग्रह केला म्हणून वजने, असे ठरवण्यापूर्वी तीन गोष्टींचा विचार आवश्यक ठरतो: हे कशासाठी करायचे, दिवसाच्या कोणत्या वेळी करायचे आणि घरातील नियमांत ते बसते का.

‘कशासाठी’ याचे उत्तर जैन कुटुंबाला शोधत जावे लागत नाही. शत्रुंजयाच्या पायऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास आहेत. सम्मेद शिखरजीची चढण, टोंकांची वंदना आणि उतरण मिळून सुमारे २७ किलोमीटर होतात. आपल्या महाराष्ट्रात मांगी-तुंगीची चढण आहे, तर श्रवणबेळगोळला विंध्यगिरीचा कातळ अनवाणी चढावा लागतो. स्वतःच्या पायांनी वंदना करावी ही इच्छा असलेल्या श्रावकाला याहून स्पष्ट ध्येय कोणते हवे?

ध्येय ठरले की प्रकारही ठरतो. एका मजल्याला वीस पायऱ्या धरल्या, तर शत्रुंजयाची चढण सुमारे पावणेदोनशे मजल्यांची होते. तेथील पायऱ्या घरच्या जिन्यापेक्षा उथळ आहेत आणि मधूनमधून सपाट वाटही आहे, तरीही केवळ बागेतील फेऱ्यांनी तिची पुरेशी तयारी होत नाही. चढताना छातीचा भाता चालतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार सावरतात. पाय थरथरतात ते उतरणीवर, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्याही उतरणीमुळेच. म्हणून सपाट चालण्याला जिन्याची चढ-उतार आणि खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठ-बस यांची जोड द्यावी. ही उठ-बस दुकानातही गिऱ्हाईक नसताना दहा वेळा सहज होते.

प्रमाणाबाबत जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन सोपे आहे: प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सराव त्यात मिळवावा. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येते, पण गाता येत नाही. आठवड्यातील पाच दिवस अर्धा-अर्धा तास दिला की दीडशे मिनिटांचा हिशेब पूर्ण होतो.

वेळेचा प्रश्न नियमांशी जोडलेला आहे. चौविहार करणाऱ्याच्या पोटात सूर्यास्तापासून पाणीही गेलेले नसते आणि नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येते. त्यापूर्वी संथ चालणे योग्य. घाम काढणारा व्यायाम नवकारशीनंतर पाणी घेऊन थोड्या वेळाने करावा. संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवून पुन्हा दुकानात जाणाऱ्यांनी ते अंतर पायी कापावे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने रक्तातील साखर एकदम चढत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच हृदयविकार किंवा गुडघेदुखी असणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारूनच प्रारंभ करावा. उपवासाच्या दिवशी जिना वर्ज्य समजावा, आणि अठ्ठाईसारख्या तपात शरीराला विश्रांतीच द्यावी.

खेळ निवडतानाही विवेक लागतो. अप्काय जीवांच्या विराधनेचा विचार करून अनेक घरांत पोहणे टाळले जाते. तेथे पोहण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. बॅडमिंटन उत्तम खेळ आहे, परंतु पिसांचे शटल बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांपासून बनते. घरच्या खेळाला नायलॉनचे शटल पुरेसे आहे. बूट घेताना कातडे टाळावे. व्यायामशाळेत सुचवल्या जाणाऱ्या कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते, म्हणून वेष्टन वाचल्याशिवाय ती घेऊ नये. सर्वसाधारण व्यायामाला लागणारी प्रथिने मूग, तूर, हरभरा, शेंगदाणे आणि दूध यांतून मिळू शकतात.

घरातील स्त्रियांचा विचार येथे वेगळा करावा लागतो. दिवसभर स्वयंपाकघरात उभे राहणाऱ्या श्राविकेला ‘तुझा व्यायाम होतोच की’ असे सांगितले जाते. उभे राहण्याने पाय दुखतात, पण त्यांत बळ येतेच असे नाही. तिलाही दिवसातील अर्धा तास मोकळा मिळाला पाहिजे, आणि तो घरच्यांनी काम वाटून घेतल्याशिवाय मिळत नाही. मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी. खो-खो आणि कबड्डी यांना ना महाग साधन लागते ना शिकवणीच्या फीएवढा खर्च.

या तयारीला चातुर्मासासारखा काळ नाही. या चार महिन्यांत शत्रुंजयाची यात्रा बंद असते आणि कार्तिकी पौर्णिमेला ती पुन्हा सुरू होते. पावसाळ्यात ओल्या हिरवळीवर चालणे श्रावक टाळतोच. इमारतीचा जिना मात्र कोरडा आणि रिकामा असतो. आठवड्यातून तीन दिवस, कठड्याला हात ठेवून, पाच मजल्यांपासून आरंभ करावा. दर आठवड्याला दोन मजले वाढवत गेल्यास सोळाव्या आठवड्यात पस्तीस मजल्यांपर्यंत पोहोचता येते. पर्युषणात किंवा दशलक्षणात ही वाढ थांबवावी आणि पारण्यानंतर दोन पावले मागे येऊन पुन्हा सुरू करावी. गुडघ्यात कळ आली तर त्या दिवशी तेथेच थांबावे.

नियम लहान घ्यावा आणि मोडू नये, ही शिकवण या समाजाला नवी नाही. एका नवकारशीने आरंभ करणारा श्रावक कालांतराने मोठे तपही करतो. पाच मजल्यांचा नियमही तसाच घेता येईल. डोलीत बसून केलेली वंदना कमी प्रतीची नाही; ज्याचे शरीर थकले आहे त्याच्यासाठी ती व्यवस्था आहेच. परंतु ज्याला अजून चालता येते, त्याने आपली जागा पायऱ्यांवर राखावी. पुढच्या कार्तिकी पौर्णिमेला आजोबा आणि नातू एकाच पायरीवर दम घ्यायला थांबले, तर त्या घराने व्यायामाची निवड योग्य केली असे म्हणता येईल.