काल, टाका, अंगठा

अर्जाच्या शेवटच्या पानावर खाली उजवीकडे टाईप केलेली ओळ असते: 'निशाणी डावा अंगठा'. मी शाईचं पॅड पुढे सरकवलं आणि समोरच्या माणसाने आपला डावा हात टेबलावर ठेवला. अंगठा असायचा तिथे पट्टीचा गुंडाळा होता. तो काही बोलला नाही. त्याच्याबरोबर आलेला पोरगा म्हणाला, "बुडो आंगुल नहीं है, दीदी." बंगालीत अंगठ्याला म्हातारं बोट म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

शहापुरात मी कामगारांचे अर्ज लिहून देते. मुरबाडची एमआयडीसी, आसनगाव-वासिंदच्या बाजूच्या शेड, वीटभट्ट्या, रस्त्यांची कामं अशा सगळीकडून माणसं येतात. हा पश्चिम बंगालमधल्या मालद्याचा. वय चाळीस, महिना बारा हजार रुपये. पत्र्याच्या शेडमध्ये सात माणसं पॉवर प्रेसवर वॉशर काढत होती, त्यातला एक. डाव्या हाताने पट्टी डायवर सरकवायची, उजव्या पायाने पायडल दाबायचं, पंच खाली येतो, वॉशर पडतो. हे दिवसभर. पाळी संपत आली की पायाला सवय लागलेली असते आणि हात थकलेला असतो. पाय हाताच्या आधी जातो. पुढचा जाळीचा गार्ड काढून ठेवलेला होता, कारण गार्ड असला की माल कमी निघतो. ही 2025च्या जूनमधली गोष्ट.

मी नाव-गाव शेवटी लिहिते. पहिला प्रश्न असतो, पगार हातात कोण देतं? कंपनीचं नाव बहुतेकांना माहीत नसतं. त्यांना 'सेठ' माहीत असतो, नाहीतर ठेकेदार. मग फोन मागते. फोनपेवर आलेल्या पगाराचा मेसेज, शेडच्या दारात काढलेला फोटो, हजेरीच्या वहीचं गावच्या दोस्ताला पाठवलेलं पान, यातलं काही ना काही निघतं. या माणसाच्या फोनमध्ये तीन महिन्यांचे मेसेज होते, एकाच नावाने आलेले. नोकरी सिद्ध करायला पुष्कळ झाले.

अडचण दुसऱ्याच कागदात होती. त्याचा केसपेपर मी वाचला तेव्हा माझा विश्वास बसेना. जखमेचं कारण: 'दारात बोट चेमटले'. दुखापत: 'काल'. अपघात तर पाच दिवसांपूर्वीचा.

कारण कसं बदललं ते लगेच कळलं. पहिल्या दिवशी सुपरवायझर सोबत होता. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? उत्तर सुपरवायझरने दिलं. पेशंट शुद्धीवर होता, शेजारीच होता, पण प्रश्न मराठीत होता. 'काल' मात्र कळेना. त्याला तीन-तीनदा विचारलं तेव्हा उलगडलं. ड्रेसिंगसाठी तो दुसऱ्या दवाखान्यात गेला. तिथल्या सिस्टरने विचारलं, टाके कधी घातले? त्याला एवढंच ऐकू आलं: टाका. बंगालीत टाका म्हणजे पैसे. त्याला वाटलं, बिल मागतायत. तो म्हणाला, "काल, काल देबे." उद्या देईल. कोण, तर मालक. बंगालीतला 'काल' उद्याही असतो आणि कालही. सिस्टरला वाटलं, टाके काल. तिने त्याच केसपेपरवर लिहिलं, दुखापत: काल.

ही त्या बाईंची चूक, असं मी म्हणणार नाही. सकाळच्या रांगेत साठ पेशंट उभे असतात. पण या एका शब्दाने काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. मालकाचा वकील पहिलाच प्रश्न करतो: तुमचा केसपेपर म्हणतो जखम अमुक तारखेची, त्या दिवशी तुम्ही कामावर होता का? नव्हता. कारण त्या दिवशी तो खोलीवर हात उशाला उंच धरून पडून होता. इतका सरळ प्रश्न, इतकं खरं उत्तर, आणि दावा तिथेच लंगडा.

म्हणून त्या आठवड्यात आमचं सगळं काम तारीख सरळ करण्याचं होतं. पोराच्या मोबाईलमध्ये रिक्षात काढलेला एक फोटो सापडला. गमछ्यात गुंडाळलेला हात, खाली तारीख आणि वेळ. पहिल्या दवाखान्याची औषधांची पावती खिशात चुरगळून राहिली होती, तिच्यावरही तीच तारीख. शेडमधल्या दोघांचे जबाब लिहिले, हिंदीत, आणि त्यांना वाचून दाखवून मग सह्या घेतल्या. वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज दिला. त्यांनी पोराला दुभाष्या म्हणून बसवून पेशंटला पुन्हा विचारलं आणि नोंद लिहिली: यंत्रात अंगठा तुटल्याचे रुग्ण सांगतो. मालकाला स्पीड पोस्टने नोटीस गेली. तिची पोच मी अजून फाईलच्या पहिल्या पानावर लावून ठेवली आहे.

आता कायद्याचं. त्याचा अपघात 1923च्या नुकसानभरपाई कायद्याखाली येतो. 21 नोव्हेंबर 2025पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण सांगाडा तोच आहे. कामावर असताना कामामुळे इजा झाली की भरपाई लागू. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. कामगार कुठल्या राज्याचा, कुठली भाषा बोलतो, हजेरीपटावर आहे की ठेकेदाराच्या वहीत, याने हक्क बदलत नाही. ठेकेदार पळाला तर ज्याचं काम चाललं होतं त्या मूळ मालकाकडे मागता येतं. दावा दोन वर्षांच्या आत करायचा. दहा किंवा जास्त माणसांचा कारखाना असेल आणि ईएसआय लागू असेल, तर पैसे ईएसआयकडून येतात, आणि मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क जात नाही. या शेडमध्ये सातच माणसं, म्हणून आमचा रस्ता ठाण्याच्या कामगार न्यायालयाचा.

हिशोब मी त्याच्यासमोर कागदावर केला, आकडे मोठे काढून. कायद्याच्या तक्त्यात अंगठ्याची किंमत 30 टक्के आहे. हे वाचताना दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो. तर्जनीची 14, मधल्या बोटाची 12. पगार 12,000, त्याचे 60 टक्के म्हणजे 7,200. चाळिशीच्या माणसासाठी तक्त्यातला आकडा 184.17. गुणाकार 13,26,024. त्याचे 30 टक्के, 3,97,807 रुपये. महिन्याच्या आत दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवले तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

तो कागदाकडे बघत राहिला. मग खिशातून दुसरा कागद काढला. मालकाने वीस हजार दिले होते आणि मराठीत टाईप केलेल्या मजकुराखाली उजव्या हाताचा अंगठा घेतला होता: 'माझी काही तक्रार नाही, यापुढे काही मागणार नाही.' त्याला वाटलं होतं, पैसे मिळाल्याची पावती आहे. हक्क सोडून देणारा असा करार कायद्यात रद्दबातल असतो. तडजोड करायची तर ती नुकसानभरपाई आयुक्तांपुढे नोंदवावी लागते. हे ऐकल्यावर त्याने पहिल्यांदा पाणी मागितलं.

परप्रांतीय म्हणून या माणसांकडे बोट दाखवणाऱ्यांना मला आपल्याच पाड्यांवर न्यावंसं वाटतं. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडचे कातकरी उचल घेऊन भिवंडी, कल्याण, वसईकडच्या भट्ट्यांवर जातात. तिथे परकी तीच माणसं. मुरबाडकडची एक बाई माझ्याकडे आली होती. नवरा विटांच्या ट्रॉलीखाली सापडून गेला. भट्टीवाल्याने सांगितलं, उचल फिटली असं समज. ती मला म्हणाली, "ताय, फिटली ना मग?" नाही फिटली. भरपाईतून उचल, कर्ज, काहीही वळतं करता येत नाही. आणि मृत्यूची भरपाई कुणी घरी येऊन हातावर ठेवायची नसतेच. ती आयुक्तांकडे जमा करावी लागते, म्हणजे ती पूर्ण येते आणि मृतावर अवलंबून असलेल्यांच्याच नावाने मिळते.

याच तालुक्यात सरळांबे गावाजवळ 31 जुलै 2023च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गाच्या पुलाचं गर्डर लाँचर कोसळून 20 जण गेले. त्यात उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल, तमिळनाडूची माणसं होती. राज्य सरकारने पाच लाख जाहीर केले, पंतप्रधान निधीतून दोन लाख. पेपरात एवढंच छापून येतं आणि घरच्यांना वाटतं, मिळायचं ते मिळालं. जाहीर झालेली मदत वेगळी, कायद्याची भरपाई वेगळी. एक घेतली म्हणून दुसरी जात नाही. दावा आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो, त्यासाठी गावाहून ठाण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. 5 जून 2025ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, गाड्या आता तिथून सुसाट जातात. मी त्या बाजूला गेले की वेग कमी करायला सांगते.

वकिलाची फी कुठून आणू, हा प्रश्न सगळे विचारतात. तालुका विधी सेवा समितीकडे औद्योगिक कामगाराला, कुठल्याही स्त्रीला आणि आदिवासीला वकील फुकट मिळतो. 15100 या नंबरवर फोन लागतो. मी हे हिंदीत, बंगालीत लिहून दाराला चिकटवलं आहे. बंगाली त्या पोराने लिहून दिलं.

अर्जावर 'डावा' खोडून मी 'उजवा' लिहिलं आणि बाजूला सही केली, म्हणजे पुढे कुणी ती खाडाखोड धरणार नाही. त्याने उजवा अंगठा पॅडवर दाबला, कागदावर टेकवला, आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसला. आता दर तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन येतो. "दीदी, तारीख काल?"

"हो," मी म्हणते, "काल. अकरा वाजता ये."