गळाला कोणती माशी?

ट्राउट काश्मीर, हिमाचल, निलगिरीच्या थंड पाण्यातला मासा. शहापूर-मुरबाडच्या काळू, शाई, भातसा या नद्यांचं कोमट पाणी त्याला सोसणार नाही. पण ट्राउटसाठी पिसं आणि दोरा बांधून केलेली नकली माशी निवडण्याचं सूत्र इथेही खरं ठरतं: मासा आत्ता काय खातोय, ते आधी बघा.

पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळव्या पाण्यावर पडतात, तेव्हा तरंगणारी तपकिरी माशी लावावी. भात तयार होताना काठच्या गवतात नाकतोडे असतात, तेव्हा त्यांची नक्कल. गढूळ पाण्यात माशाला बारकावा दिसत नाही, नुसती आकृती दिसते. म्हणून गडद आणि जरा मोठी माशी बरी. गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, म्हणजे 14 नंबरचा गळ 8 नंबरपेक्षा बारीक.

मरळीची तऱ्हा वेगळी. ती हवा घ्यायला वर येते, बेडकावर झडप घालते. तिच्यासाठी तणात न अडकणारा रबरी बेडूकच हवा. मात्र पावसाळ्यात मरळीची जोडी पिल्लांची राखण करते. पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला तर तिथे गळ टाकूच नका. आईबाप गेले की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. वलगणीला अंडी घालायला ओढ्यांत चढणारे मासेही सोडून द्यावेत.

तानसा अभयारण्यात गळ नको. इतर जलाशयांत मासेमारीचे हक्क बऱ्याचदा सहकारी संस्थांकडे असतात. आधी विचारून घ्यावं.