चाकांची अदलाबदल

नवी गाडी घेताना माणूस रंग पाहतो, गाद्या पाहतो, गाणी नीट वाजतात की नाही तेही पाहतो. टायरांकडे वाकून पाहील तर शपथ! आणि गाडीचा रस्त्याशी जो काही संबंध असतो तो अवघ्या चार तळहातांएवढ्या जागेतून!

आमच्या दासगावात ही गोष्ट लवकर पटते. एके काळी येथे माणसे बोटीने येत. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रहासाठी आले तेही दासगावच्या बंदरात उतरून. तेथून महाड पाच मैल. आता गावावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. महाडहून वरंध घाट, पोलादपूरहून आंबेनळी आणि कशेडी. कशेडीला २०२३ पासून बोगद्यातून जाता येते. बाकीच्या दोघांची वळणे आहेत तशीच आहेत. त्यात कोकणचा पाऊस! टायरवरची नक्षी शोभेसाठी नसते. तिच्या खाचांतून पाणी बाहेर फेकले जाते. खाच उरली नाही, की चाक पाण्यावर तरंगते आणि ब्रेक दाबणाऱ्याचे पाय तेवढे थरथरतात.

अँबॅसडर आणि फियाट या गाड्यांना मागची चाके ढकलीत. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढची चाके गाडी ओढू लागली. आजच्या बहुतेक लहान गाड्या अशाच. ओढायचे पुढच्यांनी, वळायचे पुढच्यांनी, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखी त्यांची गत! म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरनंतर त्यांना मागे बसवावे, म्हणजे चारही सारखे झिजतात.

हे काम घरी करता येते का? येते. गाडीबरोबरचा जॅक, पाना आणि स्टेपनी एवढे पुरे. (हा ‘स्टेपनी’ शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. आपण तो असा वापरतो, जणू पेशव्यांच्या काळापासून आपलाच!) पण अंगणातली माती मऊ असते, जॅकखाली जाड फळी हवीच. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला, आणि जे चाक उचलायचे त्याच्या कर्णातल्या चाकाला पुढून-मागून दगड. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोके तर नाहीच, हातसुद्धा घालू नये. पोरांना ओटीवर बसवून ठेवावे.

आता क्रम. पुढची चाके सरळ मागे जातात, मागची तिरपी पुढे येतात. प्रथम मागचे डावे काढून तेथे स्टेपनी लावा. काढलेले डावे पुढच्या उजव्या जागी. तेथले उजवे सरळ मागे. मागचे उजवे पुढच्या डाव्या जागी. आणि पुढचे डावे मागे, स्टेपनीच्या ठिकाणी. गाडी पाच वेळा उचलावी लागते, तेवढाच व्यायाम. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र बाजू बदलायची नाही, त्याच बाजूला पुढचे-मागचे बदलावे. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर हा उद्योगच करू नये.

पुतण्या मला म्हणाला, “काका, दुकानात अर्ध्या तासात होतं. कशाला हात काळे करता?” गेल्या दिवाळीत तो मुलांना घेऊन आंबेनळीने महाबळेश्वरला निघाला होता. आदल्या दिवशी त्याच्याच गाडीची चाके आम्ही बदलली. पुढचे उजवे बाहेर आले तेव्हा वरून ठणठणीत, आणि आतल्या कडेला रबर संपून पोलादी तार डोकावत होती! चाक गाडीवर असताना ती बाजू दिसतच नाही. काही न बोलता तो महाडला जाऊन नवे टायर घेऊन आला. सहल एक दिवस उशिरा निघाली.

तेव्हा चाक हातात आले, की ते उलटसुलट पाहावे. मधोमध झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना झीज म्हणजे हवा कमी. एकाच कडेला असेल तर बहुधा चाकांची सरळ रेघ बिघडली आहे. ती दुकानातूनच दुरुस्त करून आणावी, नाहीतर अदलाबदलीने दुसरे टायरही त्याच वाटेने जाईल. खाचेच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली. कायदा तेथवरच चालू देतो. घाटात जाणाऱ्याने मी म्हणेन तेथवर थांबूच नये.

नट समोरासमोरचे आवळीत जावे, ओळीने नव्हे. चाक जमिनीवर टेकल्यावर शेवटचा पिळा. पान्यावर उभे राहून नाचू नये. मग हवा. पुढची-मागची हवा अनेक गाड्यांत वेगळी असते, आकडे ड्रायव्हरच्या दाराजवळ चिकटवलेले असतात. आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर नट एकदा तपासावेत. दासगावहून मुंबईकडे निघालात, तर वडखळच्या आसपास चहाला थांबाल तेव्हाच पाना काढावा.