डबल ब्रेकवरचा पाय

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात, हे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. गाडी हलली की पाचच मिनिटांत ते विसरायला होतं. कोथरूडच्या एखाद्या गल्लीत समोरून टेम्पो येतो, पोराचा पाय अजून ब्रेक शोधतोय, तेवढ्यात गाडी जागच्या जागी उभी. घाम पुसत पोरगं विचारतं, "सर, वेळेत लागला ना?" लागला खरा. कुणाचा, ते आम्ही पहिल्या आठवड्यात सांगत नाही.

हा डबल ब्रेक दाबायला फारशी अक्कल लागत नाही. तो दाबणं कधी थांबवायचं, यात मास्तरची परीक्षा असते. सुरुवातीला पाय त्यावरच असतो, मग बोटभर वर, आणि शेवटच्या दिवसांत मी तो मुद्दाम सीटकडे ओढून घेतो. मधल्या काळात एक गोष्ट हमखास घडते. आपल्याला छान जमतंय, असं पोराला वाटू लागतं आणि ते माझ्या ब्रेकच्या जिवावर स्पीड वाढवतं. मग एके सकाळी गाडी कडेला घ्यायला लावायची आणि विचारायचं, "काल म्हात्रे पुलावर गाडी कुणी थांबवली?" अठरा वर्षांच्या मुलाचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा होतो. त्यानंतरचा अर्धा तास तो महिन्यातली सगळ्यात शहाणी गाडी चालवतो.

लोकांना वाटतं, घाबरट मुलं आम्हाला जड जातात. उलट आहे. एआरएआय टेकडीच्या चढावर गाडी मागे सरकली म्हणून रडवेली झालेली मुलगी हाफ क्लच एकदा पायाला कळला की कधी विसरत नाही. त्रास देतो तो आधीच 'येत असलेला' मुलगा. नववीपासून क्लासला अ‍ॅक्टिव्हावर जाणारा. कायद्यानं सोळाव्या वर्षी लायसन मिळतं, पण ते बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, तेही पालकांच्या संमतीनं. लूनाच्या जमान्यात त्याला काही अर्थ होता. आज शोरूममध्ये पेट्रोलवरची ५० सीसीची गाडी शोधून दाखवा! क्लासच्या बाहेर लागलेल्या ११० सीसीच्या रांगेकडे सगळे बघतात आणि कुणालाच काही दिसत नाही.

असा मुलगा कारमध्ये बसला की त्याला रस्ता दिसत नाही, फटी दिसतात. बस आणि रिक्षा यांच्यामध्ये तो बॉनेट घालू बघतो. आरसा त्याच्या लेखी केस नीट करायला असतो. त्याच्यासाठी माझा पहिला धडा गाडी बंद ठेवूनच होतो. त्याला स्टिअरिंगवर बसवायचं, मान वळवायची नाही असं बजावायचं आणि लाल झाकणाची पाण्याची बाटली हातात घेऊन मी गाडीभोवती हळूहळू फिरतो. "आता दिसतोय?" "हो." "आता?" "हो." मागच्या दाराशी आलो की आतून आवाज येतो, "सर, गेलात कुठे?" मी हाताच्या अंतरावर उभा असतो. "कालपर्यंत तू अ‍ॅक्टिव्हा घेऊन बरोब्बर इथे असायचास," एवढंच सांगतो. याच धड्यात आणखी एक सवय लावून टाकतो. उतरताना दार डाव्या हातानं उघडायचं. डावा हात दाराकडे नेला की अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो.

पडद्यामागचं खरं नाटक मात्र गाडीत नाही, ऑफिसातल्या टेबलाशी चालतं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप. जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता, त्यावर गावभर चर्चा झाली. त्या आठवड्यात आमचे फोन थांबेनात. बहुतेक बाप एकच विचारत होते, आमच्यावर काय येऊ शकतं?

एक गृहस्थ समोरच येऊन बसले. मुलगा सतरा पूर्ण, गाडी यांच्या नावावर. मी मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ सांगितलं, २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. साहेब हसले. "मला माहीतच नव्हतं म्हणेन की."

"म्हणा. पण ते सिद्ध तुम्हालाच करावं लागतं."

हसू थोडं ओसरलं. तरी पोरगा शेजारी मोबाइल बघत शांत बसलेला. मग शेवटचं वाक्य टाकलं. अशा मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लर्निंगसुद्धा मिळत नाही. पोराची मान वर आली. माझा अनुभव असा, की बापाच्या कैदेनं पोरं हलत नाहीत, पंचविशीचा आकडा ऐकला की खिशातली किल्ली स्वतःहून टेबलावर येते. त्याचीही आली.

लायसनच्या परीक्षेचं म्हणाल तर भोसरीच्या आयडीटीआरचा ट्रॅक पोरं पाठ करून जातात. मागच्या काचेत अमुक खांब दिसला की पूर्ण उजवीकडे, तमुक दिसला की सरळ. रिव्हर्समध्ये 'एच' निघतो, पक्कं लायसन येतं आणि सोसायटीत दोन गाड्यांच्या मध्ये लावायची वेळ आली की तिथे खांब नसतात. आमचे काही व्यवसायबंधू खांबच शिकवतात. निकाल छान लागतो त्यांचा.

नियमाप्रमाणे कारच्या कोर्सला किमान एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे दहा तास. एका विद्यार्थिनीची मावशी सिडनीहून आली होती, ती हे ऐकून चाटच पडली. तिच्या लेकाला पुढच्या परीक्षेआधी १२० तासांची वही भरावी लागली होती. त्यातले वीस तास रात्रीचे, शेजारी लायसनवालं मोठं माणूस बसवून. आमच्याकडे एवढं कोण करणार? पण कल्पना मी उचलली. कोर्स संपला की मुलांना एक साधी वही देतो. तारीख, रस्ता, दिवस की रात्र, शेजारी कोण, शेरा.

पुष्कळ वह्या कोऱ्याच राहतात. याच विद्यार्थिनीचे वडील मात्र महिन्याभरानं ती वही घेऊन तावातावानं आले. शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "सर, हे असं लिहायचं असतं का?"

मी वाचलं. 'नळ स्टॉप. सिग्नल पिवळा झाला. बाबा म्हणाले, काढ काढ. मी थांबले. मागचा रिक्षावाला ओरडला. बाबाही ओरडले. नंतर बाबांनी फोन घेतला आणि रस्ता सांगायचा राहिला, म्हणून नो एंट्रीपर्यंत गेलो. परत फिरवली.'

"रात्रीची वेळ होती का हो?" मी विचारलं.

"हो, साडेनऊ वाजले होते. का?"

"मग तेवढं रात्रीच्या तासांत धरा."