हत्ती मोठा की फुलपाखरू?

एक साधा प्रश्न घेऊ. ‘हत्ती’ आणि ‘फुलपाखरू’, यांत मोठा शब्द कोणता? तुम्ही म्हणाल, फुलपाखरू. वाचायला न शिकलेलं चार-पाच वर्षांचं मूल मात्र पुष्कळदा ‘हत्ती’ म्हणतं. मूर्खपणा नाही बरं का हा! त्याला शब्दातून थेट हत्तीच दिसतो. वाचन आलं की शब्द वस्तूपासून सुटतो. तोडता येतो, मोजता येतो, त्याच्यावर शंका घेता येते.

मग निरक्षर माणूस विचार करत नाही की काय? रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया १९३१ साली उझबेकिस्तानात गेले. त्यांनी विचारलं, उत्तरेकडे बर्फात सगळी अस्वलं पांढरी असतात. उत्तरेच्या अमुक ठिकाणचं अस्वल कोणत्या रंगाचं? निरक्षर शेतकरी म्हणाले, पाहिलं नाही, कसं सांगू? तर्कशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, तरी हे उत्तर मला प्रामाणिक वाटतं. पुढे स्क्रिब्नर आणि कोल यांना लायबेरियात दिसलं की असली कोडी सोडवायला उपयोग होतो तो शाळेतल्या प्रश्नोत्तरांचा. घरी शिकलेल्या नुसत्या लिपीचा नाही.

आता आपल्या कन्नड तालुक्यात या. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं. शाळेत बाराखडी घोकतं, मराठी धडा खडाखडा वाचतं. काय कळलं विचारलं की गप्प. त्याच्याशी त्या धड्याबद्दल, त्याला कळेल अशा भाषेत, कुणी बोललेलंच नसतं. आधी त्याला गोरमाटीत गोष्ट सांगू द्या, तीच फळ्यावर लिहा, तिच्यावर प्रश्न विचारा. मराठी मागून येईल. गोरमाटी देवनागरीत लिहिता येते, तेव्हा अडचण लिपीची नाहीच.