मालाला मोकळीक, कायद्याला सीमा

बदलापूरजवळचे बारवी धरण हे शेतीसाठी बांधलेले धरण नव्हे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली ते उभारले, ते अंबरनाथ-डोंबिवली पट्ट्यातील कारखान्यांची तहान भागविण्यासाठी. जांभूळ येथे शुद्ध होणारे हे पाणी आता कारखान्यांप्रमाणेच लाखो घरांनाही पुरते. त्याचा काही वाटा मीरा-भाईंदरपर्यंत जातो. त्याच मीरा रोड परिसरात ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांना एक ‘उद्योग’ आढळला. त्याला ना धुराडे होते, ना कच्चा माल. दूरध्वनी, संगणक आणि इंग्रजी बोलणारी तरुण मुले एवढ्या भांडवलावर तो चालला होता आणि त्याचे गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत होते.

त्या रात्री सातशेहून अधिक कर्मचारी ताब्यात घेण्यात आले. सुमारे सत्तर जणांना अटक झाली. कामाची पद्धत साधी होती. अमेरिकन नाव धारण करून आणि तिकडचे उच्चार घोटवून मुले अमेरिकन नागरिकांना दूरध्वनी करीत. आपण आयकर खात्यातून बोलत आहोत, तुमच्याकडे कराची थकबाकी आहे, ती ताबडतोब न भरल्यास पोलीस दाराशी येतील, असा दम देत. घाबरलेला मनुष्य दुकानातून भेटकार्डे विकत घेई आणि त्यांवरचे क्रमांक वाचून दाखवी. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अशाच स्वरूपाच्या प्रकरणात छप्पन्न व्यक्तींवर व अहमदाबादच्या पाच कॉल सेंटरांवर आरोप ठेवले. अमेरिकेत राहून पैसे गोळा करणाऱ्या त्यांच्या हस्तकांसह एकवीस जणांना जुलै २०१८ मध्ये तेथील न्यायालयाने शिक्षा दिल्या. सर्वांत मोठी शिक्षा वीस वर्षांची होती.

अशी प्रकरणे उघडकीस आली की ‘जागतिकीकरणाने गुन्हेगारी आणली’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु इतिहास त्याला दुजोरा देत नाही. दारे बंद असतानाही सीमेपलीकडचा गुन्हा होताच. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १९६८ मध्ये त्यांचा कायदा झाला. परिणामी सचोटीने धंदा करणाऱ्या सोनारांवर उपासमारीची पाळी आली आणि दुबईहून सोने आणणारे तस्कर मात्र गब्बर झाले. परदेशी मालाचे आकर्षण एवढे होते, की फाळणीनंतर निर्वासितांनी कष्टाने उभ्या केलेल्या उल्हासनगरातील मालावरच्या ‘यूएसए’ या अक्षरांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा थट्टेने लावला जाई. १९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला आणि १९९२ मध्ये परदेशातून परतणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोने आणण्याची मुभा मिळाली. त्यासरशी या धंद्यातला मलिदा आटला. पुढे २०१३ मध्ये आयात शुल्क दहा टक्क्यांवर गेले आणि विमानतळांवर सोने पकडले जाण्याचे प्रकार पुन्हा वाढले. जुलै २०२४ मध्ये सरकारने हे शुल्क पंधरावरून सहा टक्क्यांवर आणले, त्यामागे तस्करीला आळा घालण्याचाही विचार होता. भिंत जितकी उंच, तितका ती ओलांडणाऱ्याचा नफा मोठा, हा त्यातला धडा होय.

दुसरा धडा अधिक भीषण आहे. सोन्याचांदीसाठी पडलेल्या वाटा सोन्याचांदीपुरत्या राहत नाहीत. १९९३ च्या प्रारंभी रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले, ते याच सरावलेल्या वाटांनी. १२ मार्चच्या स्फोटांत २५७ माणसे प्राणास मुकली. पुढे सीमाशुल्क खात्यातील काही अधिकारीही दोषी ठरले. कुंपणानेच शेत खाल्ले, तेव्हा राखण करायची कोणी?

जुना तस्कर दोन देशांतील किमतींच्या फरकावर जगत होता. नवा गुन्हेगार दोन देशांतील कायद्यांच्या फरकावर जगतो, आणि जागतिकीकरणाने घडविलेला खरा बदल तो हाच. फसलेला मनुष्य एका देशात, बोलणारा दुसऱ्या देशात आणि पैसा तिसऱ्या देशात. पैसा काही मिनिटांत तीन खात्यांतून फिरतो. त्याची माहिती मागणारे पत्र मात्र मंत्रालयांच्या टेबलांवरून महिनोन्महिने फिरते. संघटित आंतरराष्ट्रीय गुन्हेगारीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००० साली झाला. भारताने त्यास मान्यता दिली ती २०११ मध्ये. अमेरिकेशी गुन्हेगार प्रत्यार्पणाचा करार १९९७ पासून आहे. करार आहेत, त्यांना गती नाही.

या व्यवहारातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग त्या मुलांचा आहे. गुन्ह्यातही श्रमविभागणी झाली आहे. सूत्रधार दूर असतो, जोखीम मात्र खुर्चीवर बसलेल्या पोराच्या वाट्याला येते. पदवी हातात आहे, पण पदवीला साजेशी नोकरी नाही. अशा वेळी दरमहा रोख पगार आणि वर बक्षिसी देणारे वातानुकूलित कार्यालय कोणालाही मोहात पाडील. ही मुले सर्वस्वी निरपराध होती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. आपण दम देत आहोत, हे दम देणाऱ्याला कळतेच. पण बेकारीचा प्रश्न न सोडविता केवळ त्यांनाच धोपटणे म्हणजे साप म्हणून भुई धोपटणे होय.

आता हे चक्र उलटे फिरले आहे. चांगल्या नोकरीच्या आमिषाने थायलंडमार्गे नेलेले भारतीय तरुण म्यानमार आणि कंबोडियातील फसवणुकीच्या छावण्यांत डांबले गेले. अशा छावण्यांतून आपल्याच देशातील माणसांना गळ टाकला जातो. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षकाला गणवेशातील ‘अधिकारी’ पडद्यावर दिसतो आणि ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगतो. अशी कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. परंतु सरकारी कागदाचा धाक ज्यांनी जन्मभर बाळगला, त्यांनाच तो धाक दाखवून लुटणे सर्वांत सोपे असते. अमेरिकेतील वृद्धाला जे मीरा रोडहून ऐकू आले, तेच आज बदलापूरच्या निवृत्त कारकुनाला ऐकू येत आहे.

उपाय पुन्हा दारे लावून घेण्यात नाही. फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर तक्रार गेली, तर पैसा वाटेतच गोठविता येतो. पहिल्या तासाचे मोल पुढच्या वर्षाहून अधिक आहे. वृद्ध खातेदाराने आयुष्याची पुंजी एकाएकी अनोळखी खात्यात वळविली, तर बँकेने क्षणभर थांबून विचारणा करावी. परदेशी नोकऱ्या देणाऱ्या दलालांची नोंद आणि तपासणी कडक व्हावी. महाविद्यालयांनीही मुलांना मुलाखतीला कसे बसावे याबरोबरच कोणत्या नोकरीवरून उठून यावे, हेही शिकवावे.

बारवीचे पाणी ठरावीक पातळीला पोचले की धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. राज्यव्यवस्थेला अशी सोय नाही. तेथे पातळीकडे डोळा ठेवून कोणीतरी जागे राहावे लागते.